कोंबडीच्या खाद्यात प्रथिने किती, यापेक्षा कोणती?
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



उसाच्या पानावर कोंबडीचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. पण आपल्या कार्यक्षेत्रात आज असे कितीतरी सभासद आहेत की ज्यांचा घरखर्च उसाच्या बिलावर नाही तर अंड्यांवर चालतो. उसाचे पैसे वर्षातून दोनतीन हप्त्यांत येतात, अंड्यांचे आठवड्याला येतात. पुणे शहर तासाभरावर, तिथे अंडी कितीही न्या, खपतात. शिवाय शेडमधले खत शेवटी आपल्या आडसाली उसालाच जाते. तेव्हा हा धंदा बुडाला तर ऊसही बुडतो, हे ध्यानात घेऊन चार गोष्टी लिहितो. खाद्याचा खर्च हा या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च. शंभर रुपयांतले साठ-सत्तर रुपये खाद्यातच जातात. आणि नेमके तिथेच आपले लोक पोत्यावरचा एक आकडा बघून व्यवहार करतात. तो आकडा म्हणजे "प्रथिने अमुक टक्के".

आता उसाचे उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. जमिनीत स्फुरद कमी आहे आणि तुम्ही युरियाची पोती ओतताय. ऊस हिरवागार दिसेल, पण टनेज येणार नाही. ज्या अन्नद्रव्याची सगळ्यात जास्त वाण आहे, पीक तेवढेच येते. लीबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे गेल्याच्या गेल्या शतकात लोकांना पटवून दिले. पिंपाची एक फळी आखूड असली की पाणी त्या फळीच्या उंचीइतकेच राहते, बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत. कोंबडीच्या पोटात प्रथिनांचे अगदी असेच होते.

प्रथिन ही एकच एक वस्तू नव्हे. ती माळ आहे, आणि माळेतले मणी म्हणजे अमिनो आम्ले. असे मणी साधारण वीस प्रकारचे. कोंबडी दाणा खाते तेव्हा पोटात माळा तुटतात, मणी सुटे होतात, आणि मग त्या सुट्या मण्यांतून ती आपल्याला हव्या त्या माळा ओवते. कुठे मांस, कुठे पीस, कुठे अंड्याचा बलक आणि पांढरे. यातले काही मणी ती स्वतः घडवू शकते. काही घडवता येत नाहीत, ते खाद्यातूनच यावे लागतात. लायसीन, मेथिओनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन, आर्जिनीन ही त्यातली मुख्य नावे. एक मणी संपला की माळ तिथेच थांबते. बाकीचे मणी ढिगाने पडले असले तरी उपयोग नाही, आणि कोंबडीकडे कोठार नाही. उरलेले मणी उद्यासाठी ठेवता येत नाहीत. ते मोडून टाकावे लागतात, आणि त्यातले नत्र युरिक आम्ल होऊन विष्ठेतून बाहेर पडते. विष्ठेवरचा पांढरा थर आपण रोज बघतो तो तोच.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार जुन्या काळापासून माहीत होती असे नाही. १९१४ साली अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांना मक्यातले झीन नावाचे प्रथिन खाऊ घातले. पोटभर प्रथिन, पण उंदीर वाढेनात. त्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन घातल्याबरोबर वाढू लागले. मेथिओनीनचा शोध त्याच्याही नंतरचा, १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांतला, आणि थ्रिओनीन तर १९३५ साली रोझ यांनी शोधले. म्हणजे आपल्या आजोबांच्या हयातीतली ही विद्या आहे.

आपल्या आयाबायांना मात्र आकडे न कळता मर्म कळले होते. ज्वारीच्या भाकरीत लायसीन कमी, तुरीच्या आमटीत ते भरपूर. डाळीत मेथिओनीन कमी, ते तिळात चांगले. भाकरी, आमटी आणि वर तिळाची चटणी, असे ताट झाले की मणी जुळले. वरण-भात घ्या, झुणका-भाकर घ्या, हिशोब तोच. कोंबडीचे ताट आपल्याला असेच वाढायचे आहे. फरक इतकाच की तिला रोज एकच पदार्थ मिळतो, त्यामुळे चूक झाली तर ती रोज तीच चूक खाते. गावरान कोंबडी उकिरड्यावर किडे-आळ्या वेचून आपली कमतरता भागवते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला ती सोय नाही. गावरान वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, आजची संकरित कोंबडी तीनशेच्या वर. तिच्याकडून काम सहापट घ्यायचे आणि ताट मात्र अंदाजाने वाढायचे, हे चालत नाही.

आता मूळ हिशोबाकडे येतो. पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते. भारतीय मानक आयएस १३७४ च्या २००७ च्या आवृत्तीत अंड्यावरच्या पहिल्या टप्प्यातल्या कोंबडीसाठी खाद्यात मेथिओनीन ०.३५ टक्के आणि लायसीन ०.७० टक्के धरले आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली १०० ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला मेथिओनीन ०.३० आणि लायसीन ०.६९ टक्के सांगितले होते. आपण आपल्या मानकाचा आकडा धरू. म्हणजे १०० ग्रॅम खाद्यात ३५० मिलिग्रॅम मेथिओनीन आणि ७०० मिलिग्रॅम लायसीन. हे थोडे वाटते, पण एका अंड्यातच जवळजवळ २०० मिलिग्रॅम मेथिओनीन बाहेर जाते. पिसांना, अंगाला काय उरते ते बघा.

आता मालाचा दर्जा. मक्यात प्रथिने साधारण साडेआठ टक्के, मेथिओनीन ०.१८ आणि लायसीन ०.२५ टक्के. सोयाबीन पेंडीत प्रथिने ४५, मेथिओनीन ०.६२, लायसीन २.८. शेंगदाणा पेंडीतही प्रथिने ४५ च्या आसपास, पण मेथिओनीन फक्त ०.४५ आणि लायसीन १.५. माल बदलला की हे आकडे थोडे खालीवर होतात, पण प्रमाण असेच राहते. नीट बघा, दोन्ही पेंडींत प्रथिने सारखी. पोत्यावर आकडा सारखा. आतले लायसीन मात्र जवळजवळ निम्मे.

एक मिश्रण करू. मका ६० किलो, पेंड २४ किलो, तांदळाचा कोंडा ६ किलो, शिंपला आणि चुनखडी ८ किलो, आणि उरलेल्या २ किलोत डीसीपी, मीठ, जीवनसत्त्वे वगैरे. झाले शंभर. प्रथिने पावणेसतरा टक्के, पेंड कोणतीही घाला. पेंड सोयाबीनची असेल तर लायसीन मिळते ०.८६ टक्के, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. मेथिओनीन मिळते ०.२७ टक्के, म्हणजे शंभर किलोमागे सुमारे ७८ ग्रॅम कमी. हजार कोंबड्यांचे एका दिवसाचे खाद्य म्हणजेच हे शंभर किलो. हजार कोंबड्या आणि त्यांच्यात रोज एक मूठभर पांढऱ्या पावडरीची उणीव, बस्स. मका-सोयाबीनच्या खाद्यात कोंबडीला पहिली अडचण मेथिओनीनचीच येते, ती अशी.

तेच मिश्रण शेंगदाणा पेंडीचे करा. लायसीन ०.५५ टक्क्यांवर येते आणि मेथिओनीन ०.२३ वर. दोन्ही फळ्या आखूड.

हे कागदावरचे नाही. आपल्या एका सभासदाची दोन हजार पक्ष्यांची शेड आहे, बँकेचे कर्ज अजून फिटायचे आहे. सोयाबीन पेंडीचा भाव चढला म्हणून त्यांनी सगळी शेंगदाणा पेंड सुरू केली. ऊस नोंदणीसाठी त्यांच्याकडे गेलो तर उसाचे राहिले बाजूला. "साहेब, खातात तेवढंच, अंडीबी तेवढीच, पण अंडं बारीक झालंय. व्यापारी मोठ्याचा भाव देईना." ट्रे वजनकाट्यावर ठेवला. तीस अंड्यांचा ट्रे पूर्वी पावणेदोन किलोच्या जवळ भरत होता, तो दीड किलोवर आलेला. म्हणजे अंड्यामागे सातआठ ग्रॅमची घट. कोंबडी शहाणी असते, ती आधी अंड्याचे वजन कमी करते, संख्या नंतर. म्हणून संख्येवर नजर ठेवणाऱ्याला दुखणे उशिरा कळते. आठवड्यातून एकदा दोन ट्रे वजन करून वहीत लिहीत जा, असे माझे सगळ्यांना सांगणे आहे. त्याला पैसा लागत नाही.

त्यांना पेंड देणाऱ्याने सल्ला दिला होता, "प्रोटीन वाढवा." मग त्यांनी पेंड २४ वरून ३६ किलोवर नेली आणि मका पन्नासवर आणला. आता लायसीनचा आकडा ओढूनताणून ०.७० वर आला खरा, पण प्रथिने झाली २१ टक्क्यांच्या वर. कोंबडीला हवी होती सतरा. वरची चार-साडेचार टक्के तिने मोडून बाहेर टाकली. विष्ठा पातळ झाली, पिंजऱ्याखाली चिखल, माश्या, आणि शेडमध्ये शिरल्याबरोबर डोळे चुरचुरायला लागले. तो अमोनिया. डोळे माणसाचे चुरचुरतात तसे कोंबडीचेही चुरचुरतात, श्वासाचे आजार त्यातूनच येतात. आणि जास्तीचे प्रथिन मोडताना शरीरात उष्णता तयार होते, ती उन्हाळ्यात कोंबडीच्या जिवावर येते.

या निमित्ताने एक हिशोब मी त्यांना करून दाखवला. किलोभर पेंडीत ७२ ग्रॅम नत्र असते. तेवढे नत्र सुमारे १६० ग्रॅम युरियात मिळते, त्याची किंमत अनुदानामुळे रुपयाच्या आसपास. पेंडीच्या किलोचा भाव तुम्हीच बघा. ती पेंड कोंबडीच्या पोटातून फिरवून उसाला नत्र म्हणून घालायची, तर एवढे महाग खत महाराष्ट्रात दुसरे नसेल.

उपाय काय केला, तर पेंड पुन्हा २४ वर आणली आणि शंभर किलो खाद्यामागे १२० ग्रॅम मेथिओनीन आणि २०० ग्रॅम लायसीन घातले. लायसीनची उणीव खरी १५४ ग्रॅमची, पण बाजारात जी लायसीनची पावडर मिळते ती हायड्रोक्लोराइड असते, तिच्यात शुद्ध लायसीन ७८ टक्के, म्हणून २०० ग्रॅम. मेथिओनीनची पावडर ९९ टक्के शुद्ध असते, तिथे वाढ धरायला नको. तिसऱ्या आठवड्यापासून ट्रेचे वजन चढू लागले, आणि पिंजऱ्याखालचा चिखल त्याच्या आधीच आटला.

त्याहून स्वस्त वाट पुढच्या खेपेला सापडली. बारा किलो सोयाबीन पेंड आणि बारा किलो शेंगदाणा पेंड असे निम्मे-निम्मे केले तर लायसीन बरोबर ०.७० येते. म्हणजे लायसीन विकत घ्यायचे कामच नाही, नुसते १०० ग्रॅम मेथिओनीन पुरे. सोयाबीन अगदी महाग असेल तेव्हा हा मध्यम मार्ग धरावा. तीळ पेंड थोडी मिळाली तर तिच्यात मेथिओनीन चांगले असते, पण लायसीन कमी, म्हणून तीन-चार किलोच्या पुढे जाऊ नये. सूर्यफूल पेंडीचेही तसेच, शिवाय तिच्यात चोथा फार. सुकटीची कुटी उत्तम, दोन्ही आम्ले भरपूर. पण आपल्याकडे येणाऱ्या मालात वाळू आणि मीठ किती असते हे चाखून बघा म्हणजे कळेल.

एवढी चिमूटभर पावडर शंभर किलोत सारखी कशी मिसळायची, हा खरा प्रश्न. ढिगावर भुरभुरून फावडे मारले तर एका कोंबडीला मिळते आणि दहांना मिळत नाही. आधी पावडर किलोभर मका-भरड्यात हाताने चोळून मिसळा, मग ते दहा किलोत, मग ते सगळ्यात. सूक्ष्म अन्नद्रव्ये आपण शेणखतात मुरवून शेतात टाकतो तसेच. आणि पावडर तराजूवरच मोजा, चहाच्या कपाने नव्हे. मेथिओनीन जास्त झाले तर ते अपायकारक असते, कोंबडी खाद्य सोडते. लायसीनचा अतिरेक झाला तर तो आर्जिनीनच्या आड येतो, आणि कोंबडीला आर्जिनीन स्वतः तयार करता येत नाही. एक फळी आखूड म्हणून दुसरी आभाळाला लावायची नाही.

सिस्टीन नावाचे आणखी एक आम्ल आहे, ते पिसांत फार असते. कोंबडी मेथिओनीनपासून सिस्टीन करू शकते, पण उलटे करू शकत नाही. पिसे झडायला लागली, कोंबड्या एकमेकींची पिसे उपटून खायला लागल्या, की नुसता चोच कापण्याचा विचार न करता खाद्यातल्या मेथिओनीनचाही विचार करावा. अर्थात पिसे उपटण्याला दाटी, प्रखर उजेड, मिठाची कमतरता अशी दुसरीही कारणे असतात.

उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे. चैत्र-वैशाखात पुण्याच्या आसपास पारा चाळिशीकडे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि खाणे कमी करते. १०० ग्रॅमऐवजी ८५ ग्रॅमच खाल्ले, तर तिच्या पोटात मेथिओनीनही पंधरा टक्के कमी गेले. गरज तेवढीच आहे, अंडे तेवढेच मोठे हवे आहे. म्हणून उन्हाळ्यात ८५ ग्रॅममध्ये ते बसवायचे तर मेथिओनीन ०.४१ टक्के आणि लायसीन ०.८२ टक्के ठेवावे लागते. हे पेंड वाढवून करायचे नाही, कारण वर सांगितले तसे जास्तीचे प्रथिन उष्णता करते. पावडर वाढवावी, आणि खाद्य पहाटे व सूर्य कलल्यावर द्यावे. दिवाळीनंतर गारठा पडला आणि कोंबडी ११५ ग्रॅम खायला लागली की पावडर कमी करून पैसे वाचवता येतात. पण हे सगळे करायचे तर आपली कोंबडी रोज किती खाते हे माहीत पाहिजे. दहा शेडवाल्यांना विचारले तर आठ जण "पोतं किती दिवस जातं" एवढेच सांगतात.

आता पेंडीच्या परीक्षेविषयी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो, तो उष्णतेने जातो. म्हणून पेंड नीट भाजलेली पाहिजे. त्याची घरगुती परीक्षा आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या वस्तूने होते. झाकणाच्या बाटलीत चार चमचे पेंड, चमचाभर युरिया आणि पेंड भिजेल इतके कोमट पाणी घालून हलवा, झाकण घट्ट लावा. वीस-पंचवीस मिनिटांनी उघडून वास घ्या. अमोनियाचा दर्प नाकात गेला तर पेंड कच्ची आहे, कारण कच्च्या सोयाबीनमधले युरिएज युरिया फोडते. उलट पेंड फार भाजली असेल तर तिचा रंग तांबूस-काळपट होतो आणि लायसीन साखरेशी बांधले जाऊन वाया जाते. गुऱ्हाळावर काहील जास्त तापली की गूळ काळवंडतो, त्याच्या भाऊबंदातलीच ही क्रिया. प्रयोगशाळेत अशा पेंडीची प्रथिने पूर्ण भरतात, पण ती कोंबडीच्या उपयोगाची नसतात.

प्रयोगशाळेच्या आकड्याचेही एक गुपित सांगतो. प्रथिने थेट मोजत नाहीत. डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ साली शोधलेल्या रीतीने नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. आता युरियात ४६ टक्के नत्र. गुणा ६.२५ ने, येतात २८७ टक्के प्रथिने! म्हणजे किलोभर युरिया शंभर किलो हलक्या पेंडीत मिसळला की कागदावर जवळजवळ तीन टक्के प्रथिने वाढली. चीनमध्ये २००८ साली दुधाच्या पावडरीत मेलामाइन मिसळून हीच युक्ती केली आणि लहान मुले दगावली. म्हणून नमुना पाठवताना नुसती प्रथिने नकोत, युरियाची तपासणीही मागावी. मघाच्या बाटलीच्या परीक्षेत युरिया न घालता नुसते पाणी घातले आणि तरी दर्प आला, तर सावध व्हा.

शेंगदाणा पेंडीला आणखी एक धोका आहे, बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीचे विष सापडले, त्याला अफ्लाटॉक्सिन नाव पडले. पावसाळ्यात आपल्या गोदामात भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवलेली पोती म्हणजे त्या बुरशीला आमंत्रणच. फळ्यांवर थप्पी लावा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा. कुबट वास आला तर ती पेंड कोंबडीला देऊ नये, मग भाव कितीही पडलेला असो.

मांसल कोंबडीबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या भागात ते बहुतेक कंपन्यांच्या करारावर चालते आणि खाद्य त्यांच्याकडूनच येते. पिल्लू झपाट्याने वाढते म्हणून त्याला लायसीन बरेच जास्त, सुरुवातीला १.२ ते १.३ टक्के लागते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. लायसीन शंभर धरून बाकीची आम्ले त्याच्या प्रमाणात बसवायची, मेथिओनीन आणि सिस्टीन मिळून बहात्तर-पंचाहत्तर, थ्रिओनीन पासष्टच्या आसपास, अशी आजची पद्धत आहे. अंड्याचे खाद्य पिल्लाला आणि पिल्लाचे अंड्यावरच्या कोंबडीला देऊ नये, हे मात्र घरच्या बायामुलांनाही सांगून ठेवा. अंड्याच्या खाद्यातला चुना पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

मळीविषयी बऱ्याच सभासदांनी विचारले आहे. कारखान्याची मळी कोंबडीला द्यावी काय? मळीत साखर आहे, म्हणजे शक्ती आहे. प्रथिने नावापुरती, लायसीन-मेथिओनीन नाहीच म्हणा. शिवाय पालाश खूप, त्याने विष्ठा पातळ होते. भरडा उडू नये म्हणून शंभरात दोनतीन किलो ठीक, त्यापुढे नको. गंमत अशी की, आज बाजारात मिळणारे लायसीन साखर-मळीसारख्या मालावर जिवाणू वाढवूनच तयार होते. जपानमध्ये १९५० नंतरच्या दशकात असा एक जिवाणू सापडला आणि त्यातून हा सगळा उद्योग उभा राहिला. आपण मळीतून मद्यार्क काढतो, ते लोक लायसीन काढतात. आपल्या देशात वापरले जाणारे बरेचसे लायसीन आयात होते. ऊस इथला, मळी इथली आणि लायसीन परदेशातले, हा विचार आमच्यासारख्या साध्या डिप्लोमावाल्याच्याही मनात येतो. मोठ्यांच्या मनात यायला हरकत नाही. मेथिओनीनचे तसे नाही, ते मुख्यतः खनिज तेलाच्या पदार्थांपासून रासायनिक रीतीने बनते, म्हणून त्याचा भाव तेलाबरोबर हलतो.

पुणे हे या धंद्याचे मोठे ठाणे आहे याचा फायदा घ्यावा. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्य ठिकाण पुणे. १९८२ साली सुरू झालेल्या अंडी समन्वय समितीमागेही त्यांचाच पुढाकार. तिचा रोजचा भाव आपले सगळे शेडवाले बघतात. त्यांच्या नावाची कुक्कुटपालन शिक्षणाची संस्था उरुळी कांचनला, म्हणजे आपल्या अंगणातच आहे. खडकीला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. मार्केट यार्डला ऊस-बियाण्याच्या कामाला जाता, तसे एखादे दिवशी मुलाला घेऊन तिकडेही जा. बारावी झालेल्या मुलाला टक्केवारीचा हिशोब येतो, त्याला खाद्याची वही सांभाळायला द्या.

पेंडीचा नमुना तपासायला पाठवायचा असेल तर एवढे करा. गाडीतल्या एका पोत्यातून ओंजळभर घेऊ नका. दहा पोती असतील तर किमान चार-पाच पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढा, कागदावर पसरून एकत्र करा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. असे करत अर्धा किलो उरेल तो कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. दुसरा तेवढाच नमुना आपल्या घरी ठेवा, व्यापाऱ्याशी तक्रार झाली तर तो कामाला येतो. चिठ्ठीवर पेंडीचे नाव, घेतल्याची तारीख, पावतीचा नंबर आणि आपला सभासद क्रमांक लिहा. काय तपासायचे तेही लिहा: ओलावा, प्रथिने, वाळू, युरिया, आणि शेंगदाणा पेंड असेल तर अफ्लाटॉक्सिन. माती-परीक्षणाचे नमुने दर बुधवारी गट ऑफिसातून पुण्याला जातात, त्याच पेटीत हे नमुने पाठवण्याची सोय केली आहे. तपासणीची फी सभासदाने भरायची आहे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत नमुना गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावा, पावती घ्यावी.